सबनीसांचा कान

बडोद्यात हरणीच्या सुरम्य सोसायटीत कुठलंही यंत्र आजारी पडलं की कारागिराच्या आधी लक्ष्मीकांत सबनीसांना बोलावणं जाई. लिफ्ट कण्हू लागली, पाण्याचा पंप खाकरू लागला, कोणाच्या फ्रिजनं रात्री दात वाजवायला सुरुवात केली, की सोसायटीचे सेक्रेटरी पीयूषभाई तिसऱ्या मजल्यावर येऊन अदबीनं म्हणत, "काका, जरा कान आपो ने." जरा कान द्या ना. मग सबनीस उठत, खुंटीवरची कापडी पिशवी काढत आणि तिच्यातून हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढत. बडोद्यात त्याला लहानथोर सगळे डिसमिस म्हणतात. डिसमिसचं टोक यंत्राला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. अर्ध्या मिनिटात निकाल लागे. बहुतेक वेळा बेअरिंग गेलेलं असे, आणि सबनीसही बहुतेक वेळा तेच सांगत.

हा कान त्यांनी बाजव्याजवळच्या रिफायनरीत अडतीस वर्षं घालून कमावला होता. राजापूरहून बाविसाव्या वर्षी आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात पळून जायचा बेत होता. पण एका जुन्या फिटरनं पंपाला डिसमिस लावून आतलं कसं ऐकायचं ते शिकवलं आणि पोरगा कायमचा अडकला. पुढे पुढे साहेब लोक आधी मीटर बघत आणि मग सबनीसांचं तोंड बघत. दोघांचं पटलं नाही तर मीटर बदलला जाई. निवृत्तीच्या समारंभात शाल देताना मोठे साहेब म्हणाले होते, "सबनीस, तुम्ही जा, पण कान इथेच ठेवून जा." हे वाक्य गेली अकरा वर्षं सुरम्य सोसायटीतल्या प्रत्येकानं किमान चार वेळा ऐकलं होतं.

पण त्यातली गोम फक्त निरुपमाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ठाऊक होती. सबनीसांचे कान खरोखरच मागे राहिले होते. डावा पार गेला होता. उजव्याशी तोंड नेऊन बोललं तर शब्द आत शिरत, एरवी नुसती कुजबुज पोचे. पाच वर्षांपूर्वी ते गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, कानातली बारीक हाडं आखडलीत, मशीन लावा. सबनीसांनी घरी येऊन सांगितलं, मळ होता. निरुपमाबाईंना दुसऱ्याच दिवशी कपाटात डॉक्टरांचा कागद सापडला. त्यांनी तो वाचला, होता तसा घडी करून ठेवला आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी उजव्या बाजूनं बोलायला लागल्या.

इतकी वर्षं हे बाहेर कसं फुटलं नाही, असं कोणी विचारेल. एक तर डिसमिसचा आवाज हाडातून जातो, त्यामुळे यंत्रांच्या बाबतीत त्यांचा कान अजून शाबूत होता. आणि दुसरं म्हणजे, जो माणूस सतत स्वतःच बोलत असतो तो बहिरा आहे हे समोरच्याला कळायला फार वेळ लागतो. स्वतःचा आवाज सबनीसांना छान ऐकू येई. ते समोरच्याला बोलायची संधीच देत नसत, आणि समोरचा बोललाच तर त्याच्या ओठांकडे बघून मान हलवत. लोकांना वाटे, काय लक्ष देऊन ऐकतात.

त्यांची बोलण्याची ठरलेली गाडी एकाच रुळावरून जाई: टाकीनं श्वास घेतला पाहिजे. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात म्हणे एका कंत्राटदारानं पाऊस आत जाऊ नये म्हणून टाकीच्या वरच्या नळीला प्लास्टिकची पिशवी बांधली. टाकीला हवा मिळेना, आणि अशी मोठी लोखंडी टाकी एका दुपारी आत चेपून बसली. "बंद भांडं कधी घट्ट करून विसरायचं नाही," सबनीस तर्जनी नाचवत सांगत. "भांडं विसरत नाही." ही गोष्ट ऐकायला दर रविवारी एक भक्त हजर असे. तो म्हणजे वरच्या, चौथ्या मजल्यावर एकटा राहणारा अनीश भुसावळकर. गोरव्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह बनवण्याच्या खात्यात होता. निरुपमाबाईंचे पोहे आणि सबनीसांची टाकी, दोन्ही तो मन लावून संपवी.

आता कोठीचं सांगायला हवं. बडोद्यातल्या रीतीप्रमाणे सबनीसांच्या घरी वर्षाचे गहू उन्हाळ्यात एकदम भरत. गव्हाला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळायचं आणि पत्र्याच्या मोठ्या कोठीत ओतून ठेवायचं. मागच्या वर्षी निरुपमाबाईंच्या गव्हात पोरकिडे झाले. त्या शांतपणे म्हणाल्या, होतात कधी कधी. सबनीसांना मात्र तो आपल्या अडतीस वर्षांच्या नोकरीचा अपमान वाटला. यंदा कोठीचा कारभार त्यांनी आपल्याकडे घेतला. कोठी धुऊन गच्चीवर उन्हाला लावली. झाकणाला रबराची गॅस्केट बसवली, कडेनं आठ नट-बोल्ट मारले, आणि एका सोमवारी भर दुपारी, पत्रा हात लावू देत नव्हता तेव्हा, झाकण पान्यानं करकचून आवळून टाकलं. आतल्या किड्यांची अंडी उष्णतेनं गुदमरून मरतील, बाहेरचा किडा आत जायची बिशाद नाही. गहू पंधरा दिवसांनी येणार होते. तोवर कोठी तशीच वर राहू दे, असं ठरलं.

मंगळवारी पहाटे सव्वातीनला तो आवाज झाला.

साधासुधा नाही. धडाम, असा एकच, आणि मागून इमारतीच्या खांबांमधून खाली उतरत गेलेली थरथर. चारही मजल्यांवर दिवे लागले. चौथ्या मजल्यावरच्या कोमलबेनच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आडवा झाला. तळमजल्यावरचे फत्तेसिंहराव काठी घेऊन थेट पार्किंगमध्ये उतरले. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या तोफखान्यात होते, त्यामुळे कुठलाही मोठा आवाज फत्तेसिंहरावांना तोफेचाच वाटे. दिवाळीत त्यांचे फार हाल होत. पीयूषभाईंना ट्रान्सफॉर्मर उडाला असं वाटलं, पण दिवे तर सगळे जळत होते. विमानतळ जवळ म्हणून कोणी आकाशाकडे पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. वॉचमनला घेऊन पीयूषभाई गच्चीवरही जाऊन आले. पाण्याच्या टाक्या जागेवर, कोमलबेनचे पापड जागेवर, सबनीसांची कोठी जागेवर. काही पडलेलं नव्हतं.

या सगळ्या वेळात सबनीस झोपले होते. निरुपमाबाईंनी त्यांना गदागदा हलवलं. "स्टँडबाय पंप घ्या," असं म्हणून ते कुशीवर वळले.

सकाळी साडेसातला दारात पीयूषभाई, फत्तेसिंहराव आणि मागे कोमलबेन असं शिष्टमंडळ उभं राहिलं. पीयूषभाईंच्या ओठांवरून सबनीसांना कळलं की रात्री आवाज झाला आणि काकांना काय वाटतं हे सोसायटीला हवंय. इथे एक सरळ वाक्य पुरे होतं. मी झोपलो होतो, एवढंच. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं पहाटे सव्वातीनला झोपलेलं असणं हा काही गुन्हा नाही. पण समोर तीन माणसं हात जोडल्यासारखी उभी होती, आणि सबनीसांना साहेबांचं वाक्य आठवलं.

"ऐकला," ते म्हणाले. "वजन पडलं. लोखंडी. वरून."

सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं. छताच्या वर अनीश राहत होता, आणि अनीशकडे दहा-दहा किलोचे दोन डंबेल होते. जानेवारीत मोठ्या निर्धारानं आणले होते. मार्चपासून त्यांच्यावर मोजे वाळत होते. कोमलबेन म्हणाल्या, "काका बोल्या एटले पत्युं." काका बोलले म्हणजे विषय संपला.

खरं तर तो संपायला हवा होता, कारण अनीशच्या जागी दुसरा कोणी तावातावानं खाली येऊन म्हणाला असता की मी हात लावलेला नाही. पण भक्त माणसाचं असं असतं. त्यानं आधी डोकं खाजवलं, मग मोजे वाळत घातलेल्या डंबेलकडे संशयानं पाहिलं आणि म्हणाला, काका म्हणतात म्हणजे पडलंच असणार. रात्री त्यानं दोन्ही डंबेल गादीत गुंडाळून ठेवले आणि स्वतः फरशीवर झोपला. सव्वातीनला धडाम झालंच.

बुधवारी त्यानं डंबेल दोरीनं पलंगाच्या पायाला बांधले. पुन्हा धडाम. दोरी तशीच, गाठ तशीच. आता मात्र त्याच्या मनात एक भयंकर विचार आला. झोपेत आपणच उठत असू, गाठ सोडून डंबेल उचलत असू, आपटत असू आणि परत बांधून ठेवत असू. कोमलबेननं यात भर घातली. त्यांच्या मावसबहिणीनं म्हणे एकदा झोपेत उठून अर्धा किलो बटाट्याची भजी तळली होती, आणि सकाळी तिला काही आठवत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी अनीश दोन्ही डंबेल घेऊन सबनीसांकडे आला. तुमच्याकडेच ठेवा काका, म्हणजे माझा हात पोचणार नाही. सबनीसांनी मोठ्या मनानं ते आपल्या दिवाणाखाली सरकवले. अनीशनं स्वतःवर नजर ठेवायला मोबाइलचा कॅमेराही लावून ठेवला.

शुक्रवारी पहाटे सव्वातीनला धडाम झालं. डंबेल दिवाणाखाली होते. दिवाणावर सबनीस होते. दोघंही ढिम्म हलले नाहीत.

सकाळी अनीश आला तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते. कॅमेऱ्यात काहीच मिळालं नव्हतं, मोबाइलची बॅटरी दोनलाच संपली होती. पण आता त्याला पुराव्याची गरज उरली नव्हती. डंबेल नसताना वजन पडलं, म्हणजे मीच पडतो, असं त्यानं सांगून टाकलं. झोपेत उड्या मारत असणार. काकांचं निदान अगदी बरोबर होतं, वजन वरूनच पडत होतं, फक्त ते लोखंडी नव्हतं. सबनीसांनी मान हलवली, कारण अर्धं त्यांना ओठांवरून कळलंच नव्हतं. पुढचं मात्र अनीश वाकून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलला, तेव्हा नीट कळलं. दांडिया बाजारातल्या मोहनाशी त्याचं ठरलं होतं. पुढच्या आठवड्यात साखरपुडा होता. तो या रविवारी सकाळी मोहनाच्या वडिलांकडे जाऊन सगळं सांगणार होता. अशा माणसाला मुलगी देताना त्यांनी विचार करावा, फसवणूक नको.

"तिला सांगितलंस?" निरुपमाबाईंनी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. मोहनाला सांगायचा धीर होत नव्हता. ती हसेल याची त्याला भीती नव्हती. ती म्हणेल चालेल, आणि मग जन्मभर एका उड्या मारणाऱ्या माणसाशेजारी जीव मुठीत धरून झोपेल, याची होती.

तो गेल्यावर निरुपमाबाईंनी स्वयंपाकघराचा गॅस बंद केला, सबनीसांच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि मशीन, मळ, कागद यातलं काहीही न काढता पाच वर्षांत पहिल्यांदा या विषयाला हात घातला. "तुम्ही तो आवाज ऐकलेला नाही. एकदाही नाही. त्या मुलाला तेवढं सांगा."

सबनीसांना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. "आज ऐकतो," ते म्हणाले. "मग सांगतो."

रात्री अडीचला ते गच्चीवर गेले. बरोबर स्टूल, विजेरी आणि डिसमिस. गच्चीवर गार वारा होता. टाकीतून खाली जाणाऱ्या लोखंडी पाइपाला त्यांनी डिसमिसचं टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

आणि सगळी सोसायटी त्यांच्या डोक्यात उतरली. कुठल्या तरी मजल्यावर नळ टपकत होता. लिफ्टची मोटर गप्प होती, पण तिच्या पेटीतलं काहीतरी बारीक गुणगुणत होतं. खाली कोणीतरी फ्लश केलं आणि पाणी खळाळत गेलं. पाइपाला टेकून ठेवलेली कोणाची तरी बादली वाऱ्यानं टिणटिणत होती. रिफायनरी सुटल्यापासून यंत्राच्या पोटात त्यांनी कितीदा कान घातला होता. पण माणसांच्या घरातले, रात्रीचे, बिनकामाचे आवाज त्यांनी किती वर्षांत ऐकले नव्हते. त्यांना इतका आनंद झाला की कशाला आलो होतो तेच ते विसरले. बादलीची टिणटिण ऐकत ते एकटेच हसत बसले.

सव्वातीनला त्या सगळ्यातून धडाम झालं. पाइपातून, डिसमिसमधून, सरळ कवटीत. सबनीस स्टुलासकट मागे पडले.

उठून त्यांनी विजेरी फिरवली. टाक्या धड होत्या. पापड धड होते. मग प्रकाश कोठीवर पडला आणि तिथेच थांबला. पाण्याच्या पाइपाला खेटून उभी असलेली त्यांची कोठी दुपारी गोल गरगरीत होती. आता तिचं एका बाजूचं पोट परातीएवढं आत गेलं होतं.

सबनीस तिच्यासमोर उभे राहिले, आणि अडतीस वर्षांच्या नोकरीत कोणी साहेबानं झापलं नव्हतं तसं त्यांना त्या कोठीनं झापलं. भर दुपारी आतली हवा तापलेली असताना झाकण बंद केलं. हवाबंद गॅस्केट. आठ बोल्ट. रात्री हवा गार होऊन आकसली, बाहेरून आत यायला वाट नाही, आणि पहाटेला पत्रा एकदम आत बसला. धडाम. दुपारी उन्हानं परत बाहेर येत असणार, पण तेव्हा डोक्यावरून विमानं जातात, रस्त्यावर हॉर्न वाजतात, लक्ष कोण देतो. टाकीनं श्वास घेतला पाहिजे, असं दर रविवारी पोह्यांबरोबर सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोच्या गव्हाच्या कोठीचं नाक दाबून धरलं होतं. आणि बिचारी रोज रात्री ओरडून सांगत होती, ते ऐकायलाही तोच माणूस बहिरा होता.

त्यांनी खिशातला पाना काढला आणि पहिला बोल्ट अर्धा वळवला. एवढं केलं की झालं. उद्यापासून आवाज बंद, कोणाला काही कळायचं नाही, सबनीसांचा कान सलामत. दुसऱ्या बोल्टाला पाना लावता लावता त्यांचा हात थांबला. उद्या आवाज आला नाही तर अनीश काय समजेल? आज उडी मारली नाही, एवढंच समजेल. परवाची वाट बघेल. जन्मभर वाट बघेल. आणि रविवारी दांडिया बाजारात जायचं ते जाईलच.

सबनीसांनी पहिला बोल्ट पुन्हा आवळला. मग स्टूल उचलून खाली गेले आणि सकाळ होईपर्यंत दिवाणावर बसून राहिले.

शनिवारी आठला त्यांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं आणि उभ्यानं सांगून टाकलं. आवाज माझ्या कोठीचा आहे. चूक माझी आहे. मी पहिल्या दिवशी वजन पडलं म्हणालो ते खोटं होतं. मी आवाज ऐकलाच नव्हता, कारण मला ऐकू येत नाही.

एवढं सगळं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते फक्त निरुपमाबाईंना दिसलं. पण पुढे जे झालं त्याची दोघांनाही कल्पना नव्हती. कोणी विश्वासच ठेवला नाही. फत्तेसिंहरावांनी पागोटं नसतानाही मुजऱ्यासारखा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, याला म्हणतात थोरपणा. पीयूषभाईंना गहिवरून आलं. कोमलबेन शेजारणीला सांगत होत्या, "काका छोकराने बचावे छे." पोराला वाचवण्यासाठी काका बदनामी ओढवून घेताहेत. ज्या माणसानं डोळे मिटून चौदा बेअरिंगं ओळखली तो बहिरा कसा असेल? आणि गव्हाची रिकामी कोठी कधी तोफ डागते काय?

अनीश पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका," तो म्हणाला, "माझ्यासाठी खोटं बोलू नका."

सबनीसांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या प्रतिष्ठेचा संताप आला. "आज रात्री तीनला," त्यांनी सगळ्यांवर बोट रोखून सांगितलं, "गच्चीवर या. सगळे."

आणि सगळे आले. बडोद्याच्या माणसाला तमाशा आहे म्हटलं की झोप दुय्यम. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, सतरंज्या आल्या, निरुपमाबाईंनी थर्मासमधून चहा आणला, कोमलबेननी लीलो चेवडो आणला. फत्तेसिंहराव धोतर नेसून, तोफ कशी ओळखायची हे शेजाऱ्याला समजावत बसले. अनीश एका कोपऱ्यात, झोप लागू नये म्हणून उभाच होता. खुर्च्यांची तोंडं कोठीकडे होती आणि सबनीस कोठीकडे पाठ करून लोकांसमोर उभे होते. इतके श्रोते समोर बसलेले आणि सबनीस गप्प, हे शक्यच नव्हतं. हवा तापली की फुगते, इथपासून त्यांनी सुरुवात केली. तीन वाजले, पाच झाले, दहा झाले. ते दूरच्या कारखान्यातल्या त्या टाकीपाशी पोचले, कंत्राटदारानं पिशवी बांधली.

तीन वाजून सतरा मिनिटांनी धडाम झालं.

उघड्यावर तो खालच्याइतका मोठा वाटत नव्हता, पण पुरेसा होता. फत्तेसिंहरावांचा चहा धोतरावर गेला. कोमलबेननी पीयूषभाईंचा दंड धरला, आणि पीयूषभाईंनी वॉचमनचा. चिवडा सतरंजीभर झाला. अनीश दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, डोळे टक्क उघडे ठेवून, स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"तेव्हा," सबनीस बोलतच होते, "माझी सगळ्यांना विनंती आहे की आता शांत राहा. थोड्याच वेळात होईल. कान देऊन ऐका."

गच्चीवर कोणी हललं नाही. कोणी हसलंही नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात काहीतरी निराळं आहे हे सबनीसांच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. धोतरावरचा चहा पाहिला, सांडलेला चिवडा पाहिला. वर धरलेली तर्जनी त्यांनी खाली घेतली.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

निरुपमाबाई उठल्या, त्यांच्या उजव्या बाजूला गेल्या आणि कानाशी म्हणाल्या, "झाला."

मग आधी अनीशच हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, आणि तशातच त्यानं खिशातून मोबाइल काढून पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी मोहनाला फोन लावला. "मी उड्या मारत नाही," तो ओरडून सांगत होता. "मोहना, मी उड्या मारत नाही ग." मोहनाला यातलं काहीच माहीत नसल्यामुळे तिला ही बातमी कशी वाटली कोण जाणे, पण दहा मिनिटं ती त्याला काय झालंय, कुठे आहेस, काय घेतलंयस असं विचारत होती म्हणतात. फत्तेसिंहराव उठून सबनीसांच्या जवळ आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डाव्या कानात काहीतरी चांगलं बोलले. सबनीसांनी मान हलवली. काय बोलले ते आजही त्यांना माहीत नाही.

पीयूषभाईंनी विजेरी धरली. सबनीसांनी पिशवीतून डिसमिस आणि पाना काढला, डिसमिसचं टोक कोठीच्या चेपलेल्या पोटाला टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि दुसऱ्या हातानं पहिला बोल्ट सोडला. मग दुसरा. तिसऱ्याला हवा सुस्कारत आत शिरली आणि पोट धप्पकन बाहेर आलं. या वेळी सगळी गच्ची तयारीत होती, त्यामुळे कोणी दचकलं नाही. एकटे सबनीस टाणकन उडाले, आणि मग इतके खूश झाले की त्यांनी कोठीला दोन थापा मारल्या.

खुर्च्या उचलून माणसं पांगली. सबनीस जिन्याच्या तोंडाशी थांबले, डिसमिस फडक्यानं पुसून पिशवीत ठेवला आणि पायाखाली बघत म्हणाले, "सोमवारी त्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ."

निरुपमाबाई उजव्या बाजूला वाकल्या. "मळ काढायला?" त्यांनी विचारलं.

हे मात्र सबनीसांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.